एकेचाळीस होज, सत्तेचाळीस टेस्ट आणि एक पुठ्ठा

मार्च २०२४ मध्ये मी 'हायड्रॉलिक होज टेस्टिंग नागपूर' असं नेटवर टाकून बघत होते (होज म्हणजे मशीनमध्ये दाबाखालचं तेल वाहून नेणारा रबरी पाइप), तेव्हा दुकानांचे फोन नंबर सोडून हाती काही लागलं नाही. किती दिवस जातात, मशीन किती वेळ बंद ठेवावं लागतं, कागद कुठले लागतात, हे कुणी लिहिलेलंच नव्हतं. आता सगळं उरकलंय, वही समोर आहे, म्हणून लिहून टाकते.

मी हिंगणा एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन युनिटमध्ये कामाला आहे. चौतीस माणसं, पत्रा वाकवणारा एक शंभर टनी प्रेस ब्रेक, पत्रा कापणारं एक शिअरिंग मशीन, एक हायड्रॉलिक प्रेस, एक फोर्कलिफ्ट, बाकी किरकोळ. कार्डावर माझं पद 'क्वालिटी' असं छापलंय. पण खरेदी, मेंटेनन्सची वही, सेफ्टी आणि दिवाळीच्या मिठाईची ऑर्डर, सगळं फिरून माझ्याच टेबलावर येतं.

सुरुवात खरं तर फेब्रुवारीतच झाली होती. प्रेस ब्रेकच्या मागे तेलाचं धुकं दिसत होतं. गळती म्हणावी तर खाली थेंब नाही. हेल्पर पोरगा कॉटन वेस्ट घेऊन वाकला, होजवरून हात फिरवणार, तेवढ्यात आमचे फिटर काका शेडच्या दुसऱ्या टोकावरून ओरडले, "हात नोको लावू बे! पुठ्ठा आण." खोक्याचा पुठ्ठा त्यांनी काठीला बांधला आणि होजच्या कडेनं, वितभर अंतर ठेवून, हळूहळू फिरवला. एका जागी पुठ्ठ्यावर ओली रेघ उमटली. काकांनी काठी तिथंच धरून ठेवली, तर रेघेच्या मधोमध पुठ्ठा भिजून फाटला. होजवरचं भोक मात्र मशीन बंद केल्यावर, चष्मा लावून पाहिलं तरी दिसेना.

त्या लाइनीत २१० केजी प्रेशर असतं. (केजी म्हणजे किलो प्रति चौरस सेंटीमीटर, शेडमध्ये एवढं लांब कोण बोलतो.) तेल कातडीत घुसायला साधारण सात बारही पुरतात. (एक बार म्हणजे जवळपास एक केजीच.) आत गेल्यावर फारसं दुखतही नाही, सुई टोचल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस घरी जातो. सूज नंतर येते. काही तासांतच चांगल्या सर्जनकडे पोचावं लागतं, नाहीतर बोट, कधी पंजाही जातो. हे मला डिप्लोमाला असताना कुणी शिकवलं नव्हतं, काकांनी शिकवलं.

तो होज संध्याकाळी बदलला आणि आम्ही सगळे विसरलो. मीसुद्धा.

१२ मार्चला एका मोठ्या ग्राहकाचं सेफ्टी ऑडिट झालं. १५ तारखेला मेल आला. एकूण नऊ पॉइंट, त्यातला सहावा: हायड्रॉलिक होजना ओळख क्रमांक नाहीत, चाचणीचे दाखले नाहीत, रजिस्टर नाही. मुदत ४५ दिवस, म्हणजे २९ एप्रिल. मेलमध्ये कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३१ चा उल्लेख होता. मी ते कलम काढून वाचलं. वातावरणापेक्षा जास्त दाबावर चालणाऱ्या यंत्रसामग्रीत सुरक्षित दाब ओलांडला जाणार नाही यासाठी परिणामकारक उपाय करा, असं ते सांगत होतं. होज किती दिवसांनी आणि किती दाबावर तपासायचा, हे त्या कलमात नव्हतं. म्हणजे ते ठरवणं आमच्यावरच आलं.

मालकांचा अंदाज होता, वीसेक होज असतील. मी आणि काका सोमवारपासून मोजायला बसलो. "कायले एवढं मोजून राहिले मॅडम, ऑडिटवाला कुठं मोजते?" असं पहिल्या दिवशी काका म्हणाले. तिसऱ्या दिवशी फोर्कलिफ्टच्या मास्टमागे (पुढच्या उभ्या खांबांमागे) टॉर्च धरून तेच आकडा सांगत होते. प्रेस ब्रेकवर ११, शिअरिंगवर ६, प्रेसवर ८, फोर्कलिफ्टवर ९, सिझर लिफ्टवर ३, बेंडिंग मशीनवर २ आणि हातपंपाच्या जॅकचे २. एकूण ४१.

मोजताना प्रत्येक होजवर छापलेली ओळ वाचायची. तिच्यात कंपनी, मानक, माप, वर्किंग प्रेशर (कामात चालणारा कमाल दाब) आणि बनल्याची तिमाही-वर्ष असतं. उदाहरणार्थ, ईएन ८५३ (युरोपियन मानक), २एसएन (आत पोलादी तारेचे दोन थर), अर्धा इंच, २७५ बार आणि शेवटी ३क्यू१६ असं काहीतरी, म्हणजे २०१६ ची तिसरी तिमाही. आमच्याकडे ती ओळ सगळीकडे कुठं धड वाचता येत होती! मागच्या वेळी मशीन रंगवताना पेंटरनं होजही हिरवेगार करून टाकले होते. थिनरनं पुसायला गेलात तर रंगाबरोबर छपाईही जाते, हे एका होजवर शिकले. नंतर नुसतं डिझेल आणि मऊ फडकं.

छाननी अशी झाली. चौदा होज बघताक्षणी बाद: कुठं वरचं रबर घासून आतली तार दिसतेय, कुठं फुगवटा, कुठं फेरूलला, म्हणजे टोकावर दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीला, गंज, कुठं वळणावर भेगा. नऊ होजवर काहीच वाचता येईना. त्यांचं वर्किंग प्रेशरच माहीत नाही तर तपासायचे किती दाबावर? तेही बाद. जॅकचे दोन ७०० बारचे, त्यांचा हिशेब वेगळा. उरले सोळा.

आता दाबाचा प्रश्न. नवीन हायड्रॉलिक होज असेंब्ली (होज आणि दोन्ही टोकांची फिटिंग मिळून) वर्किंग प्रेशरच्या दुप्पट दाबावर तपासतात आणि फुटण्याचा दाब किमान चौपट असावा लागतो. अर्ध्या इंचाच्या २एसएन होजचं वर्किंग २७५ बार, म्हणजे टेस्ट ५५० ला आणि तो ११०० च्या आत फुटता कामा नये. हे नव्याचं झालं. पण पाच वर्षं तेलात, उन्हात, झटक्यांत राबलेल्या होजला दुप्पट दाब देऊन आपण त्याला तपासतोय की मारतोय? दोन टेस्टिंगवाल्यांना फोन केला. एक म्हणाला, देऊ की. दुसऱ्यानं विचारलं, "मशीनचा रिलीफ व्हॉल्व कितीवर सेट आहे?" (ठरलेल्या दाबापुढे तेल सोडून देतो तो व्हॉल्व, म्हणजे होजला प्रत्यक्षात किती दाब येतो ते कळतं.) मी दुसऱ्याला निवडलं.

ऑडिटरला मेल केला: कुठल्या दाबावर तपासू ते लेखी कळवा. आठ दिवसांनी उत्तर आलं, 'मानकाप्रमाणे'. पुन्हा फोन, पुन्हा मेल. शेवटी ठरलं की नवीन असेंब्ली छापील वर्किंगच्या दुप्पट दाबावर, आणि जुने होज मशीनच्या रिलीफ सेटिंगच्या दीडपट दाबावर, पण छापील वर्किंगच्या दुपटीपेक्षा कधीच जास्त नाही. पद्धत आयएसओ १४०२ ची (होजच्या दाब-चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक), साठ सेकंद होल्ड. हे मेलवर मिळवायला मला १ एप्रिल उजाडला. तुम्ही या कामात पडलात तर होजला हात लावण्याआधी एवढा एक मेल मिळवा. तो नसता तर पुढे माझी धडगत नव्हती.

मध्ये धुळवड गेली, मग मार्चएण्ड. ३१ तारखेपर्यंत डिस्पॅच संपेस्तोवर मशीनला हात लावायचा नाही, असं मालकांनी सांगून टाकलं. मी थोडी चिडले, पण त्यांचंही चूक नव्हतं. तोवर बाद झालेल्या तेवीस होजच्या जागी नव्यांची ऑर्डर काढायचं ठरलं. मालकांनी ओळखीतल्या एका क्रिम्पिंगवाल्याकडून (होजवर फेरूल दाबून फिटिंग बसवणारा) आधी सहा बनवून आणले. सरासरी ८५० रुपयाला एक, ५,१०० चं बिल. दिसायला झकास, फेरूल चकचकीत.

रविवार ७ एप्रिल. मशीन बंद, पॅनलला कुलूप, चावी काकांच्या खिशात. प्रेस ब्रेकचा वरखाली होणारा बीम खाली आणून लाकडी ठोकळ्यांवर टेकवला. मोटार बंद असली तरी लाइनीत दाब अडकून राहतो. तो उतरल्याची गेजवर खात्री करून मगच पाना लावायचा. काढायच्या आधी प्रत्येक होजचा जागेवरच फोटो, कुठून कसा वळलाय ते दिसेल असा. हे फोटो मी काढले नसते तर संध्याकाळी जोडताना गणपतीची सोंड गणपतीला राहिली नसती. कागदाचे टॅग बांधू नका, तेलात शाई तासाभरात जाते. मी अॅल्युमिनियमच्या पट्टीवर नंबर पंच करून तारेनं बांधले. उघड्या पोर्टवर प्लास्टिक कॅप, होजच्या दोन्ही टोकांनाही कॅप. खाली लाकडाचा भुसा पसरलेला, तरी बादलीभर तेल गेलंच. सांध्यात बसणारे डॉवटी वॉशर (धातूच्या कडीत रबर) जुने पुन्हा वापरू नका, आधीच आणून ठेवा. आम्ही रविवारी दुकानं शोधत फिरलो.

सोमवारी ८ तारखेला छोटा हत्ती करून वर्धा रोडनं बुटीबोरीच्या बाजूला गेलो. टेस्टिंगचं शेड लहान. एका कोपऱ्यात जाड पत्र्याचा लांबट पेटारा, त्याला एक काचेसारखी पॉलिकार्बोनेटची खिडकी. तिथला माणूस साठीचा, कमी बोलणारा. होजचं एक टोक पंपाला, दुसरं वर उचलून उघडं. आधी पाणी सोडायचं, बुडबुडे यायचे थांबले की बंद करायचं. मी विचारलं, पाणीच का, कॉम्प्रेसर तर आहे ना? तो म्हणाला, "पाणी दबत नाही मॅडम. फुटलं तर टप् करून संपते. हवा भरून फुटलं तर पेटारा जाईन अन् मीही जाईन."

झाकण बंद. फेरूलच्या काठाशी त्यानं होजवर पिवळ्या रंगानं एक बारीक रेघ ओढलेली. आधी पन्नासवर थांबून सांधे बघितले, मग चढवत नेलं. जुना प्रेस ब्रेकचा होज, ज्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, तो ३१५ वर साठ सेकंद काटा न हलवता राहिला. एकामागून एक पास. दोन मात्र गेले. एकाच्या फेरूलखालून पाणी पाझरायला लागलं, दुसऱ्याचा काटा चाळीस सेकंदांनी सरकला. जुन्या सोळांपैकी चौदा पास.

मग नव्या सहांची पाळी. पहिले दोन ५५० ला पास. तिसरा लावला. चारशेच्या जवळ गेलं असेल, खिडकीतून मला दिसलं की पिवळी रेघ आणि फेरूल यांच्यात केसाएवढी फट पडलीय. होज फेरूलमधून बाहेर निघत होता. मी बोट दाखवेपर्यंत धाडकन आवाज आला आणि खिडकीवर आतून पाणी उडालं. झाकण उघडलं तर होज पेटाऱ्याच्या त्या टोकाला, आणि फेरूल निपलवर (होजच्या आत शिरणाऱ्या धातूच्या नळीवर) जागच्या जागी, रिकामं, आतल्या दात्यांवर रबराचा भुगा. पाचवाही तसाच. चौथा आणि सहावा पास झाले.

त्या माणसानं व्हर्नियर काढून फेरूलचा व्यास मोजला. होजच्या कंपनीच्या क्रिम्प चार्टमध्ये जो आकडा असतो त्यापेक्षा त्या दोन्हींचा सहा दशांश मिलिमीटरनं जास्त. म्हणजे कमी दाबलेले. वरून होज एका कंपनीचा, फिटिंग दुसऱ्याच कंपनीचं, तेव्हा चार्ट तरी कुणाचा लावणार? मी सहाही बाद केले. मालक फोनवर म्हणाले, "चार पास झाले ना, ते तरी लावा." मी म्हटलं, सर, एकाच हातानं एकाच दिवशी दाबलेत सगळे. थोडा वेळ शांतता, मग "बरं" एवढंच. हे मला ऑडिटरशी बोलण्यापेक्षा जड गेलं.

नवे पंचवीस (तेवीस आणि नापास झालेले दोन) दुसरीकडे करायला टाकले, होज आणि फिटिंग एकाच कंपनीचं, क्रिम्प व्यास बिलावर लिहून. ३४,६०० रुपये, सहा दिवस. पाडव्याची सुट्टी मध्ये आली.

पाडव्याच्या आदल्या रात्री दाखले लावत बसले होते. पहिला घोळ साधा: ५५० बारच्या जागी ५५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) टाइप झालेलं. ५५० पीएसआय म्हणजे जेमतेम ३८ बार; एवढ्यावर तर बागेतला चांगला पाइपही तग धरेल. मशीनच्या प्लेटवर केजी, होजवर बार, ऑडिटरच्या तक्त्यात पीएसआय, त्यामुळे हे होणारच. दाखला हातात घेतल्या घेतल्या एकक वाचा. दुसरा घोळ वाचून मात्र पोटात गोळा आला. दाखल्याच्या तळाशी गेजचा नंबर आणि कॅलिब्रेशनची (गेज अचूक दाखवतं का, या तपासणीची) मुदत: ३१ मार्च २०२४. टेस्टची तारीख: ८ एप्रिल.

सकाळी फोन केला. त्या भल्या माणसानं वाद घातला नाही. "पाह्यलंच नाही मी, चूक झाली," म्हणाला आणि गेज एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पाठवलं. सहा दिवस त्यात गेले. गेज अचूकच निघालं, पण जुन्या चौदा होजची टेस्ट १६ तारखेला त्यानं पुन्हा करून दिली, पैसे न घेता. त्याच दिवशी नवे पंचवीसही झाले, सगळे पास. मी सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसहा तिथं बसून होते. दुपारी त्याच्या पोरानं समोरच्या टपरीवरून तर्री पोहे आणले. पाण्याच्या टाकीला टेकून खाल्ले. टेस्टिंगला जायच्या आधी गेजच्या दाखल्याची प्रत व्हॉट्सअॅपवर मागवायची, एवढं मी तुम्हाला फुकट सांगते, मला मात्र आठवडा मोजावा लागला.

जॅकच्या दोन होजचं राहिलं. ते ७०० बारचे, दुप्पट म्हणजे १४००, आणि तिथला पंप १००० पर्यंतच. शेवटी ते कंपनीच्या स्वतःच्या चाचणी दाखल्यासकट नवेच घेतले, ६,८०० रुपयांना.

१७ ला रामनवमी, १९ ला नागपूरचं मतदान, भरपगारी सुट्टी. २० आणि २१ ला जोडणी. होज बसवताना दोन पाने लागतात, एकानं निपल धरायचा, दुसऱ्यानं नट आवळायचा. नाहीतर होज पिळला जातो. होजवरची छापील ओळ सरळ राहिली तर पीळ नाही, दोरीसारखी फिरली तर सोडून पुन्हा लावा. मग कमी दाबावर पाच-सहा स्ट्रोक, हवा काढून, आणि नंतर काम.

इथं आमची एक चूक झाली. टेस्टमध्ये पाणी वापरलेलं. बाकीचे होज आम्ही कोरड्या हवेनं उडवून, थोडं तेल फिरवून घेतले, पण फोर्कलिफ्टचे दोन घाईत तसेच बसवले. सोमवारी सकाळी टाकीच्या काचेतून तेल ताकासारखं दिसत होतं. पूर्ण टाकी रिकामी करावी लागली. या कामासाठी विकत आणलेल्या तीन बादल्या तेलापैकी एक तिथंच गेली. काका दिवसभर काही बोलले नाहीत, घरी जाताना म्हणाले, "मॅडम, घाई तं माहीच होती." माझीही होती.

सगळ्याचा हिशेब, जीएसटी सोडून: नवे होज ३४,६००, ४७ टेस्ट, दर ३०० प्रमाणे, १४,१००, जॅकचे ६,८००, तेल ९,६००, छोटा हत्तीच्या चार फेऱ्या ५,६००, टॅग, कॅप, वॉशर २,३५०, आणि फुकट गेलेले सहा होज ५,१००. एकूण ७८,१५०. मालकांना मी सुरुवातीला पंचवीस हजार सांगितले होते.

रजिस्टर साध्या एक्सेलमध्ये केलं. होज नंबर, मशीन, जागा, मानक, माप, वर्किंग, बनल्याची तिमाही, बसवल्याची तारीख, टेस्ट दाब, दाखला क्रमांक, फोटो. शेवटचा रकाना 'बदलायची तारीख'. तो मी स्वतःहून घातला. टेस्ट पास म्हणजे त्या मिनिटाला पास; रबराचं वय त्यानं मागे जात नाही. डीआयएन २००६६ हे जर्मन मानक साठवणीसकट सहा वर्षं धरतं, आम्ही तेच धरलं. चौदा पास झालेल्यांपैकी पाच होज २०१९ च्या दुसऱ्या तिमाहीतले आहेत, म्हणजे त्यांना २०२५ च्या जूनपर्यंतची मुदत होती. मालकांना तेव्हाच सांगून ठेवलं.

बाद झालेले होज भंगारात तसेच देऊ नका. दोन महिन्यांनी कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर लागलेले दिसतील. आम्ही प्रत्येकाचे ग्राइंडरनं तीन-तीन तुकडे केले. ते रिकामं फेरूल मी ठेवून घेतलं, पेपरवेट म्हणून.

२७ एप्रिलला सगळे कागद अपलोड केले. ३ मेला सहावा पॉइंट बंद झाल्याचा मेल आला, सोबत सातव्या पॉइंटची आठवण. सातवा फोर्कलिफ्टच्या चेनचा आहे. पुठ्ठा आता प्रेस ब्रेकच्या मागे खिळ्याला काठीसकट टांगलेला असतो; हेल्पर पोरगा दर सोमवारी सकाळी तो घेऊन सगळ्या मशीनींभोवती फिरतो आणि येऊन सांगतो, "कोरडा आहे मॅडम."